ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर

दुधनी
११ फेब्रुवारी २०२५

ती. मुकुंदकाका,

नमस्कार. मी शिवलीला. कुर्डुवाडीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये तुमच्या शेजारी राहणाऱ्या शिवपुत्र फिटरांची थोरली. लग्न होऊन दुधनीला आले त्याला एकोणीस वर्षं झाली, म्हणून ओळख सांगूनच सुरुवात करते. तुमच्या प्रियंकाला फोन केला होता. ती म्हणाली, बाबांना आता अजिबात ऐकू येत नाही आणि मोबाइलवरची अक्षरं ते वाचत नाहीत, पण पत्र आलं तर दोनदा वाचून उत्तर लिहितात. म्हणून पत्र.

काम असं आहे. आमची पिकअप सोळा वर्षांची झाली. आमचे हे, म्हणजे तुमचे जावई सिद्धू, तिच्यावरच इथल्या बाजारातली तूर आणि मिरची अक्कलकोटला, सोलापूरला पोचवतात. पांढरा रंग पिवळा पडलाय, दारांखाली गंज धरलाय. डिसेंबरात डाव्या बाजूनं बाभळीला घासली, तेव्हा दिव्यापासून दारापर्यंत पत्रा दबला. हे म्हणाले, गॅरेजला टाकू, चार दिवसांत मिळेल. मी म्हटलं, घरीच करू. अंगण मोठं आहे, वर पत्र्याची शेड आहे. मी स्वतः करणार आहे.

तुम्ही सगळी नोकरी रेल्वेचे डबे रंगवण्यात काढलीत. मला पहिल्यापासून सांगा, एकही पायरी गाळू नका. कितीही दिवस लागले तरी चालतील.

तुमची
शिवलीला


कुर्डुवाडी
१७ फेब्रुवारी २०२५

चि. शिवलीला,

ओळख सांगायची गरज नव्हती. पाकिटावरचं अक्षर शिवपुत्राचंच आहे. मी बरा आहे. ऐकू येत नाही याचा फायदा एवढाच, की प्रियंका रागावते ते कळत नाही.

आता काम. आधी गाडी साबणानं धू, मग रॉकेल लावलेल्या फडक्यानं सगळा तेलकटपणा काढ, मग पुन्हा धू. दिवे, आरसे, बंपर, दारांची रबरं, सगळं खोल आणि खोललेला प्रत्येक स्क्रू डबीत ठेव. गंज तारेच्या ब्रशनं काढ. त्यानंतर ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर. तो फार खरबरीत असतो, गंजासाठीच असतो. खाली चकचकीत पत्रा दिसेपर्यंत थांबायचं नाही. पत्रा उघडा पडला की त्याच दिवशी प्रायमर, नाहीतर सकाळी पुन्हा गंज. मग खड्ड्यांत लांबी भरायची. लांबी म्हणजे पुट्टी. ती पातळ थरांनी भरायची आणि बारीक पेपरनं पाण्यात घासायची. वर पुन्हा प्रायमर, तोही बारीक पेपरनं हलका घासायचा, आणि शेवटी रंग. रंग सकाळी लवकर मारायचा. आपल्याकडच्या उन्हात थिनर हवेतच उडतो आणि रंगाला संत्र्याच्या सालीसारखे दाणे येतात. रंग पांढराच ठेव. बदललास तर परिवहन कार्यालयात जाऊन नोंद करावी लागेल.

गॅरेजवाल्याला चार दिवस लागतात, कारण तो गंजावरच रंग मारतो. तुला बारा लागतील, फार तर पंधरा.

एक शंका. बाभळीला घासलेल्या गाडीवर लांब ओरखडे येतात, पत्रा दबत नाही. काहीतरी आडवं आणि बोथट लागलं असावं. खड्ड्याचा आकार कळव, म्हणजे लांबी किती लागेल ते सांगता येईल.

मुकुंद


दुधनी
४ मार्च २०२५

ती. काका,

तुम्ही सांगितलं तसंच करते आहे. गंज काढायला दहा दिवस गेले. उजव्या दाराखाली पत्र्याला बोटभर भोक निघालं, तिथं वेल्डिंग करून तुकडा लावला. हात सोलवटले, पण काम आवडलं. स्क्रूच्या चार डब्या झाल्या आहेत.

खड्डा गुडघ्याच्या उंचीवर आहे, हातभर लांब, मध्ये चार बोटं खोल. मागून ठोकून बराच वर आणला.

हे रोज विचारतात, "अजून किती दिस?" मी म्हणते, काकांनी सांगितलंय तसं चाललंय. मग म्हणतात, "रेल्वेचा डबा करायचाय काय आपल्याला? पिकअप हाय ती." अक्षय्य तृतीयेला महेश्वर अडत्यांच्या मुलीचं लग्न आहे. तीस माणसांचं वऱ्हाड आमच्याच गाडीतून मैंदर्गीला न्यायचं, असा शब्द यांनी दिला आहे. त्यात लहान मुलं पुष्कळ आहेत.

काका, लांबी भरून आठ दिवस तशीच ठेवली तर जास्त पक्की होते का? आणि प्रायमरचे दोनाऐवजी चार हात दिले तर?

शिवलीला


कुर्डुवाडी
१० मार्च २०२५

चि. शिवलीला,

आठ दिवस मुळीच ठेवू नकोस. लांबी दोन तासांत घासण्याजोगी होते. उघडी राहिली तर ओल पिते आणि वर्षभरात फुगते. प्रायमरचे दोनच हात. चार दिले तर जाड थर होऊन टवके उडतील.

काम मात्र मन लावून करते आहेस. माझ्या हाताखाली पंचवीस वर्षांत जेवढे आले, त्यांतल्या दोघांनीच एवढे प्रश्न विचारले असतील. लांबी सपाट झाली का हे डोळ्यानं पाहू नकोस. डोळे मिटून तळहात फिरव. डोळ्याला सपाट वाटतं ते हाताला वाटत नाही.

हातभर लांब, गुडघ्याच्या उंचीवर. बाभूळ नाही ती. असो. गाडी वीस तारखेपर्यंत व्हायला हरकत नाही. लग्नाला भरपूर वेळ आहे.

मुकुंद


दुधनी
२२ मार्च २०२५

ती. काका,

गाडी झालेली नाही. प्रायमर दिला होता, पण डाव्या बाजूचा नीट बसला नाही म्हणून पुन्हा घासून काढला. लांबीही थोडी निघाली, ती पुन्हा भरली. परवा परत तसंच झालं. आता तिसऱ्यांदा सुरुवात केली आहे. ऐंशी नंबरचे अकरा पेपर संपले, काल आणखी सहा आणले. दुकानदार म्हणाला, "वहिनी, जहाज रंगवताय काय?"

गुरुवारी हे तशीच गाडी काढून अक्कलकोटला निघाले होते. मिरचीची चाळीस पोती पडून होती. पण दिवे आणि आरसे मी खोलून ठेवले आहेत आणि स्क्रूची एक डबी सापडत नाही, त्यामुळे थांबावं लागलं. शेवटी माझा भाऊ गुरु त्याच्या मित्राची गाडी घेऊन आला आणि पोती गेली.

प्रायमर का सुटत असेल? काही कळत असेल तर सांगा. घाई नाही.

शिवलीला


कुर्डुवाडी
२८ मार्च २०२५

चि. शिवलीला,

तुझं पत्र दोनदा वाचलं, मग पुन्हा दोनदा वाचलं.

प्रायमर सुटण्याची तीन कारणं असतात. तेलकट राहिलेला पत्रा, ओल, किंवा भेसळीचा थिनर. पहिल्या दोन्हींची काळजी तू घेतली आहेस. थिनर खराब असता तर उजवी बाजूही सुटली असती. तेव्हा प्रायमर सुटत नाही.

दुसरं, ऐंशी नंबरचा पेपर. तो गंजासाठी आहे, हे मी पहिल्याच पत्रात लिहिलं होतं आणि तू सांगितलेलं विसरणारी नाहीस. गंज मार्चच्या सुरुवातीलाच संपला. प्रायमरवर ऐंशी नंबर चालवला तर तो घासला जात नाही, उखडला जातो. अकरा पेपर म्हणजे झालेलं काम चांगलं दोनदा उखडून टाकलं असणार.

तू गाडी रंगवत नाहीस. रंगवलेली मोडते आहेस. स्क्रूची डबीही हरवलेली नाही.

मी बहिरा आहे, गावभर बोलणारा नाही. काय झालं ते लिही, नाहीतर यापुढे मला रंगाबद्दल विचारू नकोस.

मुकुंद


दुधनी
५ एप्रिल २०२५

ती. काका,

लिहिते.

यांना दिसत नाही. साखर नऊ वर्षांपासून आहे. गोळ्या कधी घेतात, कधी नाही. मागच्या दिवाळीपासून मला संशय होता. ताटातली चटणी आणि लोणचं ओळखत नव्हते. दारात आलेल्या माणसानं तोंड उघडेपर्यंत त्याचं नाव घेत नव्हते. विचारलं की म्हणायचे, "झोप न्हाय झाली, दुसरं काय न्हाय."

डिसेंबरात आम्ही दोघं अक्कलकोटहून परत येत होतो. दिवस नुकताच मावळला होता. गावाच्या अलीकडे रस्त्याच्या डाव्या कडेनं सारजाबाई त्यांचा पेरूचा हातगाडा ढकलत घरी चालल्या होत्या. मला त्या लांबूनच दिसल्या. आमच्या दिव्यांचा उजेड त्यांच्या पाठीवर होता. मी म्हटलं, "अहो, गाडा." गाडीचा वेग कमी झाला नाही. मी ओरडले, "अहो, गाडा!" तेव्हा हे म्हणाले, "कुटला गाडा?" आणि गाडी लागली.

पळून गेले नाहीत. सारजाबाईंना यांनीच उचलून गाडीत घातलं आणि दवाखान्यात नेलं. घोट्याच्या वर हाड मोडलं होतं. पोलिस आले तेव्हा यांनी सांगितलं की गाडा एकदम मध्ये आला, त्यावर दिवा नव्हता. सारजाबाई कळवळत होत्या. त्याही म्हणाल्या, "व्हय, उजेड न्हवता, माजीच चूक आसंल." मी तिथंच उभी होते. मला कुणी विचारलं नाही आणि मीही काही सांगितलं नाही.

सारजाबाई अजून काठी घेऊन चालतात. त्यांच्या मुलानं गाडा बंद केला. तो सगळ्यांसमोर म्हणतो, म्हातारीला रस्ता कळत नाही. त्यांनी तीस वर्षं तो गाडा चालवला.

हे पुन्हा गाडी चालवायला लागले तेव्हा मी रंगाचा विषय काढला. रंग ओला असेपर्यंत गाडी दारातून हलत नाही. तुम्ही सांगितलेली एकेक पायरी मी लांबवली. संपत आली की दुपारी हे झोपल्यावर उखडत होते. सरळ बोलून पाहिलं. म्हणाले, "मला आंधळा ठरवतीस काय?" आणि दोन दिवस जेवले नाहीत. गावात कुणाला सांगावं तर उद्या यांना कुणी पोतं उचलायलाही बोलावणार नाही.

लग्न तीस तारखेला आहे. तोपर्यंत किती वेळा उखडू?

तुमच्याशी खोटं बोलले, त्याबद्दल रागवा.

शिवलीला


कुर्डुवाडी
११ एप्रिल २०२५

चि. शिवलीला,

रागावलो नाही. सोबत वेगळं पाकीट आहे, त्यावर सिद्धूरावांचं नाव आहे. ते त्यांच्या हातात दे. आधी फोडू नकोस. त्यात तुझ्याबद्दल किंवा त्यांच्या डोळ्यांबद्दल एक अक्षर नाही.

मुकुंद


दुधनी
२० एप्रिल २०२५

ती. काका,

पाकीट मंगळवारी मिळालं. सकाळी चहा झाल्यावर यांच्या हातात दिलं आणि समोर बसले. यांनी पाकीट फोडलं, कागद उजेडाकडे धरला, जवळ नेला, लांब धरला. बराच वेळ डोळे इकडून तिकडे फिरवले. मग घडी घालायला लागले.

"काय म्हणतात काका?"

"काय न्हाय. थिनर कमी घाला म्हणत्यात. लौकर उरका म्हणत्यात."

दोन कागद होते. यांनी दुसऱ्या कागदाला हातच लावला नव्हता. मी समोरून उठले नाही. शेजारच्या घरात मिक्सर चालू होता, तो बंद झाला. हे घडी घालायचे, उलगडायचे, पुन्हा घालायचे. मग कागद माझ्यापुढे धरून म्हणाले, "तूच वाच."

मी वाचलं. तुम्ही लिहिलंत, की रंगशाळेत काम करताना तुम्हाला ऐकू येईनासं झालं आणि तुम्ही दोन वर्षं ते लपवलंत. समोरच्याच्या ओठांकडे बघून उत्तरं देत होतात. एकदा डबा ढकलत आणत होते, लोक ओरडत होते आणि तुम्ही पाठमोरे रंग ढवळत होतात. तुमच्या शेजारी काम करणाऱ्या सुबोधनं तुम्हाला ओढलं आणि त्याचा पाय चाकाखाली गेला. दोन बोटं तोडावी लागली. तुम्ही साहेबांना सांगितलंत की सुबोधचा पाय घसरला.

इथं हे म्हणाले, "साकु." कानडीत पुरे म्हणाले. मी थांबले. मग म्हणाले, "न्हाय. वाच."

पुढं तुम्ही लिहिलं होतं की सुबोध निवृत्त होईपर्यंत तिथंच काम करत होता, लंगडत. त्यानं कधी विषय काढला नाही. चार वर्षांपूर्वी तो गेला. 'आज सांगू, उद्या सांगू करत मी एकवीस वर्षं काढली. आता ज्याला सांगायचं तो माणूसच नाही.' एवढ्यावरच तुमचं पत्र संपलं होतं.

काका, हे मला माहीत नव्हतं. बाबांनाही नसावं.

पत्र संपल्यावर हे उठले आणि गाडीकडे गेले. डाव्या दारावरून तळहात फिरवला. म्हणाले, "रोज सकाळी मी हात फिरवून बघतो. काल गुळगुळीत असतंय, आज खरबरीत. मला काय कळत न्हाय व्हय?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर गाडी रंगवून झाली असती की."



शुक्रवारी गुरुला घेऊन सोलापूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. डाव्या डोळ्याच्या पडद्यावर रक्त उतरलंय, तो परत येणार नाही. उजव्याला थोडं दिसतं. इंजेक्शनं घेतली आणि साखर आटोक्यात ठेवली तर तेवढं टिकेल. गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरांनी यांना तीनदा सांगितलं. यांनी तीनदा मान हलवली. परत येताना एसटीत खिडकीकडे तोंड करून बसले होते.

गाडीचं काम पुन्हा काढलंय. लांबी मी भरते, घासून झाल्यावर हे हात फिरवून सांगतात, "हितं खड्डा हाय. हितं उंच हाय." मला दिसत नाही ते यांच्या हाताला लागतं.

सारजाबाईंचा विषय अजून निघालेला नाही.

शिवलीला


कुर्डुवाडी
२५ एप्रिल २०२५

चि. शिवलीला,

विषय तू काढू नकोस, त्यांना काढू दे. पण फार दिवस वाट पाहू नकोस. आणि ते बोलतील तेव्हा तूही बोल. त्या दिवशी गाडीत दोघं होतात.

शेवटचा हात देताना अंगणात पाणी शिंपड, म्हणजे धूळ बसते. रंग गाळून घे. जुनं सुती कापड चालतं.

तुझं पत्र आल्यावर सुबोधच्या बायकोचा पत्ता शोधायला प्रियंकाला सांगितलं. ती केमला मुलाकडे असते म्हणे. काय लिहायचं ते अजून ठरत नाही.

मुकुंद


दुधनी
८ मे २०२५

ती. काका,

गाडी सव्वीसला पूर्ण झाली. आठवडा लागला. मागच्या फळीवर दोन ठिकाणी रंग ओघळलाय, बाकी चांगला आलाय. महेश्वर अडत्यांना यांनी स्वतः जाऊन सांगितलं की वऱ्हाड गुरु नेईल. कारण विचारलं तेव्हा म्हणाले, डोळ्यांचं औषध चालू आहे. अर्धंच सांगितलं, पण सांगितलं. वऱ्हाड सुखरूप पोचलं.

लग्न उरकल्यावर हे म्हणाले, "चल. आदी ठाण्यात जाऊ, मंग सारजाबाईकडं." सोमवारी आम्ही ठाण्यात गेलो. यांनी डिसेंबरातला जबाब खोटा होता म्हणून सांगितलं. मीही काय पाहिलं आणि काय बोलले नाही ते सांगितलं. तिथल्या हवालदारांनी सगळं लिहून घेतलं, यांचं लायसन ठेवून घेतलं आणि म्हणाले, बोलावलं की यायचं. पुढं काय होईल ते माहीत नाही. वकील पाहावा लागेल.

बुधवारी सारजाबाईंकडे गेलो. त्या दारातच शेंगा फोडत बसल्या होत्या. काठी भिंतीला टेकवलेली होती. आम्हाला बघून म्हणाल्या, "या की. चा ठेवते." हे उभेच राहिले. म्हणाले, "सारजाबाई, तुमचा गाडा कडंला हुता. बराबर हुता. मला दिसला न्हाय. मला तवाच नीट दिसत नव्हतं, आन् मी खोटं सांगितलं." मी म्हटलं, "मला दिसला होता. मीपण गप्प बसले."

सारजाबाईंचे हात थांबले. मला वाटलं शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, "मला वाटायचं, माजंच डोस्कं फिरलं. मी कडंनं चालले हुते ह्ये मला आठवत हुतं. पर समदी म्हणत्यात न्हाय, मंग मीबी म्हणलं, न्हाय आसंल." मग म्हणाल्या, "ह्ये मला सांगून काय उपेग? माज्या पोराला सांगा. त्यो येस्तवर बसा."

आम्ही दोन तास बसलो. चहा झाला नाही. मुलगा कामावरून आला, तेव्हा यांनी तेच पुन्हा सांगितलं. तो ताडकन उठला. मला वाटलं हात उचलतो. पण तो आमच्याकडे आलाच नाही. आईसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "आये, मी तुला पाच महिने काय काय बोललो."

"बोललास," सारजाबाई म्हणाल्या. "आता गाडा बाहेर काढ. पाय धड न्हाय झाला तर बसून इकीन."

तो मागच्या बाजूला गेला. पत्र्याखालून गाडा ओढल्याचा आवाज आला.

सारजाबाईंनी यांना विचारलं, "आन् तुमची गाडी आता कोन चालवतं?"

"गुरु चालवतो," हे म्हणाले. "मी न्हाय. मला दिसत न्हाय."

शेजारच्या ओट्यावर चार बायका बसल्या होत्या. त्यांनाही ऐकू जाईल, एवढ्या मोठ्यानं म्हणाले.

तुमची
शिवलीला